डिस्चार्जनंतरचे सहा महिने: वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांच्या घरची पत्रं सगळ्यांत जास्त होती. बहुतेकांचं म्हणणं एकच: दवाखान्यातलं झालं, माणूस घरी आला, आता पुढचं कुणी सांगत नाही. म्हणून हा अंक पूर्णपणे त्याच विषयाला दिला आहे. उत्तरं सदरातल्या मनोविकारतज्ज्ञांनी आणि सामाजिक कार्यकर्तीने मिळून लिहिली आहेत. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत; ते ज्याच्या त्याच्या केसपेपरवरचेच पाळायचे. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा २४ वर्षांचा. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, तीन आठवडे ॲडमिट होता. आवाज ऐकू येणं थांबलंय, पण घरी आल्यापासून दिवसभर पडून असतो. दात घासायलाही दहा वेळा सांगावं लागतं. त्याचे वडील म्हणतात, आजार गेला, आता उरलाय तो आळस. खरं काय समजायचं? (एक आई, बार्शी)

आळस नाही हा, ताई. या आजाराला दोन बाजू असतात. भास, संशय, असंबद्ध बोलणं ही एक बाजू. ती घरच्यांना घाबरवते, आणि औषधाने बहुतेकांची ती काही आठवड्यांत शांत होते. दुसरी बाजू गुपचूप असते: काही करावंसंच न वाटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, बोलणं एक-दोन शब्दांवर येणं. तिच्यावर गोळ्यांचा फारसा जोर चालत नाही. ती हलते रोजच्या ठरलेल्या, छोट्या, खऱ्या कामाने. दवाखाना इथवर पोचवतो. पुढची वाट घर, आशाताई, समुपदेशक आणि शेजारपाजार मिळून चालायची असते.

कामाला लावण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासा. एक, औषधाची झोप. रात्री अकराला घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी दहा-अकरापर्यंत राहू शकते. डॉक्टरांना विचारून तीच गोळी आठला दिली तर पुष्कळदा सकाळ मोकळी होते. दोन, औषधाने आलेला जडपणा. चालताना हात हलत नाहीत, लाळ गळते, अक्षर बारीक झालंय, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सांगा. डोस कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन हे बरं करता येतं. तो उदास आहे का, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते.

आता वेळापत्रक. पहिले दोन आठवडे फक्त तीन गोष्टी: रोज एकाच वेळी उठणं, आंघोळ, आणि संध्याकाळी दहा मिनिटं चालणं. चौथी नाही. या तीन जमल्या की तिसऱ्या आठवड्यापासून घरातलं एक काम द्या. काम खरं हवं, नुसतं वेळ घालवायला दिलेलं नको. मेथी निवडण्याचंच बघा. वर्तमानपत्र पसरा, एकच जुडी त्याच्या पुढ्यात ठेवा, शेजारी पानांसाठी पातेलं. पहिल्या पाच-सहा काड्या तुम्ही निवडून दाखवा आणि मग तिथेच बसून स्वतःचं काम करत राहा. ‘पटपट आटप’, ‘देठं राहिली बघ’ हे तोंडातून येऊ देऊ नका. पाव जुडी झाल्यावर तो उठून गेला तर उरलेली तुम्ही निवडा. रात्री ताटात भाजी वाढताना एवढंच म्हणा, ‘यातली तू निवडलेली आहे.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच वेळी. वीस मिनिटांत पाव जुडीची अर्धी, अर्धीची पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. मेथीच का? कामाला सुरुवात आणि शेवट आहे, हात गुंततात, बोलावं लागत नाही, चुकलं तर नुकसान नाही, आणि केलेलं त्याच दिवशी सगळ्यांच्या पोटात जातं. कपड्यांच्या घड्या, पाणी भरणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, तुमच्याकडे जे असेल ते चालेल.

दुसऱ्या महिन्यात घराबाहेरचं एक काम: दूध आणणं, दळण टाकणं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिवसाला दोन तास कुठेतरी जाणं: ओळखीच्या माणसाचं दुकान, शेतावरचं हलकं काम, किंवा जवळ असेल तर दिवस-पुनर्वसन केंद्र. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्था हे काम बरीच वर्षं करत आहेत, कुटुंबांचे स्वमदत गटही चालवतात. नियम एकच ठेवा. वाढ एका वेळी एकच, आणि तीही दोन आठवड्यांनी. वाढवल्यावर सलग दोन रात्री झोप बिघडली तर एक पायरी खाली या. खाली येणं म्हणजे हरणं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

वडिलांसाठी दोन शब्द. ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोललं जातं, त्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. राग येऊ नये असं आम्ही म्हणत नाही, राग येणारच. तो कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ‘तू बिनकामाचा आहेस’ ऐवजी ‘आज आंघोळ राहिली, चारच्या आत करून घे.’ यातल्या दुसऱ्या वाक्यावर मुलाला काहीतरी करता येतं.

गावातल्या मदतीबद्दल पुष्कळांना शंका असते की आशाताई काय करणार. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते, डॉक्टर नसलेले, वर्षभर घरी जात होते: औषधांची आठवण, कुटुंबाशी बोलणं, दिनक्रम, सरकारी योजना. ज्या घरी हे कार्यकर्ते गेले तिथले रुग्ण नुसत्या ओपीडीत येणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक सावरले. फरक मध्यमच होता आणि तो तमिळनाडूच्या ग्रामीण भागात सर्वांत ठळक दिसला. चमत्कार म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पण जिथे मनोविकारतज्ज्ञ पोचत नाही तिथे घरी येणारं एक माणूसही मोलाचं आहे.

प्रश्न: भावाला दर महिन्याला सिव्हिलला न्यावं लागतं. जायला-यायला पूर्ण दिवस जातो आणि दोघांची मजुरी बुडते. गेल्या खेपेला गोळ्या वेगळ्याच रंगाच्या मिळाल्या, म्हणून वहिनीने आठवडाभर दिल्याच नाहीत. काही सोय आहे का? (एक वाचक, अकोले तालुका)

आहे, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे आणि महाराष्ट्रात तो जिल्हा रुग्णालयातून चालतो. या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असतात. ते ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ओपीडी घेतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा: आमच्या तालुक्याला पथक कोणत्या वारी येतं, केसपेपर तिकडे वळवता येईल का, आणि रुग्ण स्थिर असेल तर एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून देता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर रुग्ण पाहून देतील. प्रकृती स्थिर असेल तर पुष्कळदा ‘हो’ येतं.

रंगाचं म्हणाल तर सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलते, तशी गोळीचा रंग आणि आकारही बदलतो. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा बघा. ते दोन्ही केसपेपरशी जुळलं तर औषध तेच आहे. जुन्या रिकाम्या पाकिटाचा एक तुकडा केसपेपरला टाचून ठेवा, म्हणजे वहिनींना ताडून बघता येईल. घरात नेहमी सात दिवसांच्या गोळ्या शिल्लक ठेवा. पुरवठा तुटतो तो बहुधा सुट्ट्यांच्या आठवड्यात. रुग्णालयात औषध संपलंय असं सांगितलं तर तालुक्याच्या दुकानातून त्याच मूळ नावाचं घेता येतं, फक्त चिठ्ठीवर तारीख ताजी हवी.

रोज गोळी देण्यावरून घरात भांडण होत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळतं का, विचारा. सिस्टरकडून प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते देता येतं. तारीख चुकली की आशाताईला लगेच कळतं, हा त्याचा आणखी एक फायदा.

माणसं गोळ्या का सोडतात, तेही ऐका. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत कधी मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. हे पाहून कुणी भानामती म्हणतं, कुणी अंगात आलं म्हणतं. तो औषधाचा परिणाम आहे. जवळच्या दवाखान्यात एका इंजेक्शनने तासाभरात उतरतो. दुसरा त्रास म्हणजे जागेवर बसवत नाही, पाय सतत हलतात, आतून तगमग होते. घरच्यांना वाटतं वेड वाढलं. रुग्णाला ते सहन होत नाही आणि तो औषध फेकतो. यावर उपाय आहे, डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत सांगा. तिसरा, वजन. दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून केसपेपरच्या मागे लिहा. साठ किलोचा माणूस चौसष्ट-पासष्टवर गेला तर सांगा, आणि उपाशीपोटीची साखर तपासून घ्या.

दोन औषधांसाठी वेगळी काळजी लागते. भाऊ लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेत असेल तर रक्तातलं प्रमाण दर तीन ते सहा महिन्यांनी तपासायचं, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. म्हणून निर्जळी एकादशी नको, उन्हात पाण्याशिवाय वारीची वाटचाल नको, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका. हात जोरात थरथरणं, झोकांड्या जाणं, बोलणं अडखळणं ही धोक्याची खूण, थेट रुग्णालय. क्लोझापीन (इतर औषधांनी न हटणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठीचं औषध) घेत असेल तर पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, पुढे डॉक्टर सांगतील तशा. ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं. या औषधाचं बद्धकोष्ठही हलक्यात घेऊ नका. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर सांगा.

प्रश्न: माझे यजमान जिल्हा परिषदेत लिपिक आहेत. आजारपणामुळे चार महिने रजेवर. आता साहेब म्हणतात, तुम्हाला झेपणार नाही, स्वेच्छेने राजीनामा द्या, उगाच चौकशी लागेल. काय करावं? (एक वाचक, परभणी)

राजीनामा लिहून देऊ नका. कुणाच्या टेबलासमोर बसून, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार धरला आहे. त्याच कायद्याचं कलम २०(४) सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (म्हणजे मंजूर संख्येहून जादा तयार केलेल्या) पदावर ठेवायचं.

क्रम असा ठेवा. रजेचा प्रत्येक अर्ज वैद्यकीय दाखल्यासह आवक शिक्का घेऊन द्या आणि शिक्क्याची प्रत घरी ठेवा. प्रकरणं तुटतात ती इथेच. रजा तोंडी सांगितलेली असते, मग ‘अनधिकृत गैरहजर’ अशी नोंद होते. त्यानंतर दिव्यांग प्रमाणपत्र काढा (पुढचं उत्तर पाहा). मग कलमाचा उल्लेख करून कामात बदलाचा लेखी अर्ज करा. डॉक्टरांकडून नुसतं ‘फिट’ असं प्रमाणपत्र घेऊ नका, त्यात स्पष्ट लिहून मागा: पहिले चार आठवडे अर्धा दिवस, रात्रपाळी नाही, जनतेशी थेट व्यवहाराचं टेबल नको, दर महिन्याला ओपीडीसाठी एक दिवस. दाद मिळाली नाही तर कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यानंतर पुण्याचं दिव्यांग आयुक्तालय.

खासगी नोकरीत कलम २०(४)चा आधार मिळत नाही. तिथे मालकाशी किंवा मनुष्यबळ विभागाशी बोलून टप्प्याने कामावर येणं हाच बहुधा उत्तम मार्ग. आजाराचं नाव सांगायचं की नाही हा तुमच्या यजमानांचा निर्णय. नाव न सांगताही ‘औषध चालू आहे, रात्रपाळी वर्ज्य’ एवढं दाखल्यावर येऊ शकतं. रात्रपाळीबद्दल आम्ही आग्रही आहोत, कारण झोप मोडली की आजार उलटतो. बायपोलरच्या (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी येणाऱ्या आजाराच्या) रुग्णांत तर हे फार लवकर होतं.

प्रश्न: मानसिक आजारालाही अपंगत्वाचं कार्ड मिळतं असं ऐकलं. आम्ही गेलो तर बहिणीला ३० टक्के दिले. ४० शिवाय काही मिळत नाही म्हणे. (एक वाचक, चंद्रपूर)

कार्ड मिळतं. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा. मोबाइलवर जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून करा. जिल्हा रुग्णालय निवडा, मिळालेल्या तारखेला रुग्णासह जा.

टक्के कमी का येतात, ते सांगतो. तपासणीत चार बाबी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. शिवाय आजार किती वर्षांचा, याचे वेगळे गुण असतात. आपण काय करतो? बहिणीला त्या दिवशी न्हाऊ-माखू घालून, नवा ड्रेस घालून नेतो. ती लाजून म्हणते, ‘मी बरी आहे.’ डॉक्टरांना दिसतो तिचा महिन्यातला सर्वांत चांगला दिवस. जुने कागद घरी राहिलेले असतात, म्हणून आजाराची वर्षंही कमी धरली जातात.

पुढच्या वेळी जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. आंघोळ स्वतः केली की करायला लावली, बाहेरच्या कुणाशी बोलली का, सांगितलेलं समजलं का, काय काम केलं आणि किती वेळ. जसं घडलं तसं लिहा, वाढवून नको. सर्वांत जुना केसपेपर शोधून वर ठेवा. ज्याने रोज सांभाळ केला तेच माणूस सोबत जाऊ दे. निकाल पटला नाही तर फेरतपासणीचा, अपिलाचा अर्ज करता येतो. प्रमाणपत्र काही वर्षांपुरतं मिळालं असेल तर मुदत संपायच्या तीन महिने आधीच नूतनीकरणाला टाका. एकदा मुदत संपली की अनुदानही अडकतं.

४० टक्के झाले की तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षं वास्तव्य, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ही रक्कम महिना २,५०० रुपये झाली आहे. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर निघतो, तो आधी काढा. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे आधार बँक खात्याला जोडलेलं हवं आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मंजूर होऊनही पैसे न येण्याचं कारण बहुतेकदा यातलंच एखादं असतं. खातं बहिणीच्या नावावरच काढा. औषधं-भाड्याला पैसे लागणारच, पण त्यातले शंभर-दोनशे तिच्या हातात दर महिन्याला द्या. स्वतः दुकानात जाऊन काय घ्यायचं ते ठरवणं, हाही उपचारच आहे.

प्रश्न: लग्न करून दिलं की मुलगा सुधारेल, असं सगळे नातेवाईक म्हणतात. मुलीकडच्यांना सांगायचं का? (एक वडील, सांगली)

लग्न हे औषध नाही. नवं माणूस, नवी जबाबदारी, जागरणं, पाहुणे यांच्या ताणाने आजार उलटू शकतो. सुधारल्यावर, किमान वर्षभर स्थिर राहिल्यावर, स्वतः मुलाला हवं असेल तर लग्न जरूर करावं. पुष्कळ जण संसार नीट करतात.

सांगायचंच. लपवलेला आजार लग्नानंतर गोळ्यांच्या पाकिटातून बाहेर येतोच, आणि हिंदू विवाह कायद्याखाली लग्न रद्द ठरवण्याचं ते कारणही होऊ शकतं. याहून वाईट म्हणजे लपवायचं म्हणून मुलगा गोळ्याच बंद करतो. मुलीला आणि तिच्या आईवडिलांना डॉक्टरांच्या खोलीत एकत्र बसवा आणि आजाराचं नाव, औषध, धोक्याच्या खुणा तिथेच बोलून घ्या. रुग्ण मुलगी असेल तर आणखी एक: व्हॅलप्रोएट हे औषध चालू असेल तर गर्भ राहण्याआधीच बदलून घ्यायचं. त्याने बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष येण्याचा धोका वाढतो. आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

प्रश्न: आजार पुन्हा उलटला, रात्री आरडाओरडा, मारायला धावणं सुरू झालं तर? गेल्या वेळी शेजाऱ्यांनी दोरीने बांधलं होतं. (एक पत्नी, खेड, जि. रत्नागिरी)

त्या रात्रीची तयारी आजच करायची असते. गेल्या वेळी सुरुवात कशी झाली होती, ते दोघांनी मिळून कागदावर लिहा. बहुतेकांच्या खुणा ठरलेल्या असतात: दोन-तीन रात्री झोप नाही, जेवताना ताट हुंगणं, दाराच्या फटीतून बघणं, आंघोळ टाळणं, अचानक खूप खर्च किंवा खूप देवधर्म. यातल्या दोन खुणा दिसल्या की ओपीडीची तारीख बघत बसू नका, दुसऱ्याच दिवशी जा. त्या टप्प्यावर बरेचदा औषध थोडं बदलून निभावतं. सल्ल्यासाठी टेलि-मानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत, फुकट. रात्री दोनलाही तिथे प्रशिक्षित माणूस बोलतं.

प्रसंग आलाच तर घरातली मुलं बाहेर काढा, कोयता-कुऱ्हाड आणि शेतीची औषधं कुलपात (ही दोन्ही एरवीही कुलपातच हवीत, किल्ली एकाकडे), एकाच माणसाने हळू आवाजात बोला, दाराची वाट त्याच्यासाठी अडवू नका. रुग्णवाहिकेला १०८, जिवाला धोका वाटला तर ११२. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. म्हणून ‘इथे मनोविकारतज्ज्ञ नाही’ हे ऐकून परत फिरू नका. निदान शांत करणारं इंजेक्शन आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा. तुमच्या भागासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीलाच आहे. राज्यात अशी रुग्णालयं येरवडा, ठाणे आणि नागपूरलाही आहेत. रुग्ण नकार देत असेल आणि स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा धोका असेल तर दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं.

साखळदंड घालायला या कायद्याने बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला एका धर्मस्थळाजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि २८ रुग्ण जळून गेले, कारण ते साखळीने बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवाला जायचं तर जा, नवस फेडा. फक्त गोळ्यांची पिशवी सोबत असू द्या.

प्रश्न: मी स्वतः रुग्ण आहे. वय २९, दोन वर्षं स्थिर. परत कामाला लागतोय. लोक विचारतात, इतके दिवस कुठे होतास? काय सांगू? शिवाय पुन्हा कधी भरती व्हावं लागलं तर माझं कुणी ऐकेल का? (एक वाचक, म्हापसा)

पत्र तुम्ही स्वतः लिहिलंत, याचा आम्हाला फार आनंद झाला.

लोकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा आणि आरशासमोर म्हणून बघा: ‘तब्येत बरी नव्हती, उपचार घेतले, आता काम करतोय. तुझं काय चाललंय?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, बोलणं त्यांच्याकडे वळतं. ज्यांना खरं सांगावंसं वाटेल अशी दोन माणसं निवडा, वीस नको. त्यातला एक जण असा असावा, जो तुमची झोप बिघडली तर तोंडावर सांगेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो. बरे असताना दोन कागद करून ठेवा. पहिला, नामनिर्देशित प्रतिनिधी. साध्या कागदावर विश्वासातल्या प्रौढ माणसाचं नाव, तुमची सही, त्याची संमतीची सही. तुम्ही बोलायच्या स्थितीत नसाल तेव्हा डॉक्टर त्याला विचारतील. तो नात्यातलाच हवा असं नाही. दुसरा, पूर्वसूचना. कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, कोणत्या औषधाने त्रास झाला होता, हे लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायची. जिवावर बेतलेल्या तातडीच्या उपचारांना ती लागू होत नाही, बाकी ठिकाणी डॉक्टरांना ती पाळावी लागते. एक प्रत बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत तुमच्या केसपेपरला लावा, एक प्रतिनिधीकडे द्या.

आणि गोळ्या कधी बंद होतील, हे तुम्ही विचारलं नसलं तरी दोन वर्षं झाली की हा प्रश्न मनात येतोच. एकदाच आजार झाला असेल तर बरं वाटू लागल्यानंतर एक-दोन वर्षं आणि पुन्हा पुन्हा झाला असेल तर पाच वर्षं किंवा अधिक, असा साधारण हिशेब असतो. बंद करायचंच ठरलं तर डोस महिन्यामहिन्याने उतरवत नेतात, नव्या नोकरीचे पहिले सहा महिने सोडून, आणि त्या काळात ओपीडीच्या फेऱ्या कमी न करता वाढवतात. नोकरीत जम बसू द्या, मग डॉक्टरांसमोर हा विषय काढा.